माडीवरच्या इंग्रजी कादंबऱ्या

अक्का,

तुमच्या दिवसांची शिवगणाराधना होऊन आज पाचवा दिवस. पाहुणे पांगले, मंडपवाला त्याचं कापड सोडून घेऊन गेला, दुकानाचं शटर आज पुन्हा वर गेलं. खाली भांड्यांवर नावं घालायचं मशीन परत किरकिरायला लागलंय. येणारा-जाणारा म्हणतो, शैलानं जावेचं लई केलं, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं. मी मान खाली घालून ऐकून घेते. खरं काय ते दोघींनाच ठाऊक, तुम्हाला आणि मला. पंचवीस वर्षं मी जळत होते, अक्का. आधी तुमच्यावर जळले आणि मग तुमच्यापायी जळले. हे कुणापुढं बोलायचं? म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी नळदुर्गची, हायवेवरच्या घरातली. बारावीपर्यंत शिकले, तेही मराठीत. लग्न होऊन मुरुमला आले तेव्हा या घरात तुमच्या दोन ट्रंकांची गोष्ट अजून सांगत होते. तुम्ही सोलापूरहून सून म्हणून आलात तेव्हा एका ट्रंकेत साड्या होत्या, आणि दुसरी चौघांनाही उचलेना. सासूबाईंना वाटलं, चांदीची भांडी असतील. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी आणखी काय येणार? झाकण उघडलं तर आत इंग्रजी पुस्तकं. तुमचे वडील रेल्वेत होते, तिथल्या वाचनालयानं निकालात काढलेली पुस्तकं त्यांनी लेकीसाठी उचलली होती. सासूबाई महिनाभर तुमच्याशी धड बोलल्या नाहीत म्हणे. तुम्ही ट्रंक माडीवर नेली आणि दुपारची भांडी झाली की तिथं जाऊन बसायला लागलात.

मला पुस्तकांचं काही नव्हतं. तुम्ही वाचा, मी दुपारी पडते, असं आपलं छान चाललं होतं. पूर्वा सात वर्षांची होईपर्यंत.

सात वर्षांची माझी लेक एका दुपारी जिना चढून वर गेली ती दिवे लागल्यावर खाली आली. मी भाकरी थापत होते. माझ्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, आर्सेनिक कुठं मिळतं गं?"

"ते काय असतं?"

"चहात घालायचं असतं. म्हातारीचं मृत्युपत्र झालं की."

तव्यावरची भाकरी करपली माझी. तुम्ही तिला कुठल्या तरी पावसाळी इंग्रजी गावातली गोष्ट सांगितली होती. तिथल्या पाद्र्याच्या घरातली स्वयंपाकीण मेलेली सापडते, आणि ज्या त्या माणसाकडं तिला मारायला काही ना काही कारण असतंच. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तर ओट्यावर टाकून पोरगी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशीही वर. पुढं मी दिवस मोजायचे सोडून दिले.

त्या पुस्तकांच्या तुम्ही दोन वाटण्या केल्या होत्या, खुनाची आणि घराण्याची. घराण्याची म्हणजे जाडजूड, तीन-तीन पिढ्यांची, मोठ्या वाड्यांची, कापडगिरण्यांची, लढाईत गेलेल्या पोरांची. पूर्वाला खुनाची लागायची. तुम्ही एक वाक्य इंग्रजीत वाचायचात, मग मराठीत सांगायचात, मध्येच रंगात आलात की कानडीत शिरायचात. मी चहा घेऊन जिना चढायची तर दोघींचं हसणं वरून खाली यायचं. मी दारात दिसले की पूर्वा म्हणायची, "थांब मोठी आई, आई आली." आणि तुम्ही थांबायचात. वाईट मनानं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. गोष्ट रंगात आलेली असायची, एवढंच. पण त्या "थांब"नं माझ्या छातीत कायम काही तरी टोचायचं. मी कप ठेवायची, खाली यायची, आणि पायरीवर पाठमोरी असतानाच गोष्ट पुन्हा सुरू व्हायची.

मोठी आई. आपल्याकडं थोरल्या जावेला लेकरं असंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही मोठी आई आणि मी नुसती आई, हे मला पोळायचं. वेण्या मी घालायची, उवा मी काढायची, ताप आला की उशाशी मी बसायची. शाळेत इंग्रजीत पहिली आली की सगळी पेठ म्हणायची, "काय नशीब पोरीचं, मोठी आई शिकलेली मिळाली." मी पेढे वाटायची.

ती बारा वर्षांची होती तेव्हाची दिवाळीची सुट्टी तुम्हाला आठवत असेल. तळ्याकाठच्या घरात सात पाहुणे आणि एक खून, असं निळ्या बांधणीचं एक पुस्तक चाललं होतं. दहा दिवस तुम्हा दोघींना दुसरं काही सुचत नव्हतं. पोरगी माझ्याबरोबर करंज्या करायला बसली तरी मधेच "तो डॉक्टरच असणार" म्हणून उठून वर पळायची. करंज्या तशाच उघड्या. एक दिवस तुम्ही दोघी बाजारात गेलात. मी माडीवर गेले, ते पुस्तक उघडलं, शेवटची पानं मुठीत धरली आणि ओढली. सात-आठ पानं असतील. खाली येऊन बंबाखाली घातली. पाणी तापलं, त्या पाण्यानं मी आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून तुमचं "अय्यो!" ऐकू आलं. मग शोधाशोध. गादी झटकली, ट्रंक सरकवली. पूर्वा रडायला लागली. मी खाली पीठ चाळत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. तो गारवा दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वरून हसणं आलं ते आधीच्या दुप्पट. शेवट नाही म्हणून तुम्ही दोघी शेवट करायला लागला होतात! आज डॉक्टर खुनी, उद्या माळी, परवा मेलेल्या बाईची सख्खी बहीण. एकदा तर पूर्वानं कुत्र्याला खुनी ठरवलं आणि तुम्ही हसता हसता ठसकलात, मलाच पाणी घेऊन पळावं लागलं. मी आठ पानं जाळली आणि तुम्हाला पन्नास गोष्टी मिळाल्या.

तुम्ही मला काही विचारलं नाहीत. फक्त त्या संध्याकाळी बंबात लाकूड सरकवायला म्हणून आलात आणि राखेकडं जरा जास्त वेळ बघत राहिलात.

पूर्वा पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. मला वाटलं, आता आपण दोघी सारख्याच झालो, पोरगी दोघींनाही नाही. कसलं काय. तिचा फोन आधी माडीवर वाजायचा. निकाल, नोकरी, नवी खोली, सगळं आधी वर. मग तासाभरानं माझ्या मोबाइलवर, "आई, जेवलीस का?" तिनं ढोकीचा मुलगा पसंत केला, वडील साखर कारखान्यात असलेला, ते तर तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक होतं. मला कळलं तेव्हा मी तरातरा वर आले.

"अक्का, महिनाभर माझ्या ताटाला ताट लावून जेवलात, आणि एक शब्द न्हाय बोललात?"

"तिनं शपथ घातली होती गं."

"आणि मी कोण?"

"तू आई हायस," तुम्ही म्हणालात. "तू चिडणार, रडणार, मग व्हय म्हणणार. तुला सांगायचं म्हणजे तिची परीक्षाच. माझ्याकडं ती नुसता सराव करायला आली होती."

मला ते तेव्हा शहाणपण मिरवल्यासारखं वाटलं. दोन महिने मी माडी चढले नाही. चहा कामवालीबरोबर पाठवला.

मग भावजी गेले. तुमची दोन्ही पोरं हैदराबादला, चला म्हणाली, तुम्ही गेला नाहीत. आणि वर्षाच्या आत तुमच्या डोळ्यांचं सुरू झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. परत येताना गाडीत तुम्ही माझ्याकडं तोंड करून म्हणालात, "शैला, तुझे कान दिसतात बघ मला. तोंड दिसत न्हाय." आणि हसलात. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा पहिल्यांदा तुमच्यावर जळायला मला काही कारण सापडेना.

पूर्वानं फोनवर वाचून दाखवणारी पुस्तकं भरून दिली. तुम्ही चार दिवस ऐकलीत आणि फोन बाजूला ठेवलात. "तो बाबा लई घाईत वाचतो. माणसाला संशय घ्यायला उसंतच देत न्हाय."

एका दुपारी मी चहा घेऊन आले तर तुम्ही मांडीवर पुस्तक उघडून बसला होतात आणि पानावरून नुसता हात फिरवत होतात. काय झालं मला ठाऊक नाही. मी म्हणलं, "मी वाचू?"

"तू?"

त्या "तू"चा मला राग आला, आणि रागातच मी पुस्तक ओढून घेतलं. "अक्षरं येतात मला. पोरीचा अभ्यास घेतलाय. अर्थ तुमी सांगा."

पहिलं पान वाचायला तास लागला. घसा कोरडा पडला. मी एकेक शब्द जुळवायची, तुम्ही डोळे मिटून थांबायचात, वाक्य पुरं झालं की त्याची मराठी सांगायचात. पान संपलं तेव्हा मला कळलं, एवढं सगळं करून त्या पानावर एक बाई फक्त रेल्वेतून उतरली होती.

"उद्या येशील?" तुम्ही विचारलंत.

"येईन. पण पूर्वाला सांगायचं न्हाय."

"का गं?"

"हसंल ती."

"न्हाय हसायची."

"तरी न्हाय सांगायचं. शपथ घ्या माझी."

तुम्ही गळ्यावर हात ठेवून शपथ घेतलीत. पूर्वा हसेल म्हणून मी ती घातली नव्हती, अक्का. तुमच्याकडं तिच्या मालकीचं एवढं होतं, मला एक तरी असं हवं होतं जे तिला ठाऊक नाही.

पहिल्या पुस्तकाला सहा महिने लागले. दुसऱ्याला तीन. तिसऱ्या वर्षी आपण महिन्याला एक उडवत होतो. तुम्ही मराठी सांगायच्या आधीच मला अर्थ लागायला लागला, आणि कधी कधी तुम्हीच म्हणायचात, "हे जरा समजलं न्हाय, सांग." तुम्हाला समजलेलं असायचं. मी मात्र ऐटीत सांगायची. डाळ निवडताना माझ्या डोक्यात माळ्याच्या बुटांचे ठसे असायचे. जेवताना मी पूर्वाच्या बाबांना विचारलं, "आपल्यात मृत्युपत्र कुणाकडं असतं?" त्यांचा घास हातातच राहिला. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आता चार दिवस तुझ्या हातचा चहा प्यायचा न्हाय तो."

तुम्ही खुनाची धरून बसायचात. "खुनी सापडतो, जो तो आपल्या घरी जातो, मन हलकं होतं," म्हणायचात. मला घराण्याची आवडायला लागली. तिथं सगळेच एकमेकांचं काही ना काही नासवतात आणि कुणीच सापडत नाही, तरी रोज एका टेबलावर जेवतात. मुरुमच्या पेठेत अशी दहा घरं मी दाखवीन.

त्यातल्या एकावरून आपण भांडलो ते अजून मिटलेलं नाही. गिरणीवाल्यांच्या घरात दोन जावा. धाकटीची पोरगी थोरलीच्या खोलीत पडलेली असते, तिच्याजवळ पियानो शिकते, तिचेच कपडे घालायला मागते. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि म्हणलं, "ही थोरली चोर हाय."

"चोरी कसली? पोरगी आपल्या पायानं चालत गेली."

"दार उघडं ठेवलं म्हणून गेली."

"मग काय लेकराच्या तोंडावर दार लावायचं?"

"आईला तरी हाक मारायची होती. ये म्हणायचं, तूही बस."

तुम्ही हळू म्हणालात, "ती आई दारातनं चहा ठेवून परत जायची, शैला. थोरलीला वाटायचं, तिला बसायचंच न्हाय."

गिरणीवाल्यांच्या घरात कुणी चहा ठेवून जात नव्हतं, अक्का. असं पान त्या पुस्तकात नव्हतंच. मी पुढं वाचायला घेतलं, आवाज नीट निघेना, तुम्ही "आज साकु" म्हणालात. साकु म्हणजे पुरे, एवढी कानडी मला येते. पुरे तर झालं नाही. त्यावर मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. मला विचारलं असतंत तर मी बसले असते, हे बोलायचं होतं. आणि मी आपणहून का बसले नाही, हे तुम्ही मला विचारायला हवं होतं.

त्याच हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, "ते निळ्या बांधणीचं काढ गं. तळ्याकाठचं."

मी ट्रंक उगाच उपसत राहिले. "सापडंना," म्हणलं.

"तळाशी हाय, उजव्या अंगाला. त्याचा शेवट मला कधी कळलाच न्हाय." मग थांबून, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं तुम्ही विचारलंत, "जाळायच्या आधी तू वाचली होतीस का गं ती पानं?"

मी ट्रंकेवर हात टेकून उभी. वीस वर्षं.

"न्हाय," मी म्हणलं. "तवा इंग्रजी कुठं येत होतं मला."

"मग वायाच गेली की!" म्हणालात, आणि असं हसायला लागलात की तुमच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतनं पाणी आलं. मीही हसले. मग रडले. तुम्ही माझं तोंड चाचपून बघितलंत, गालावरून बोटं फिरवलीत. माफ केलं असं म्हणाला नाहीत. मीही चुकले म्हणाले नाही. तुम्ही म्हणालात, "चहा आण. दोन कप आण. इथंच पी." तेव्हापासून मी दोन कप घेऊन वर यायची.

एवढं सगळं होऊन माणसानं सुधारावं की नाही? मी सुधारले नाही. रविवारी अकराला पूर्वाचा फोन यायचा. आपण खुनाच्या ऐन चौकशीत असायचो आणि तुम्ही मधल्या वाक्यावर हात वर करायचात. "थांब शैला, पूर्वा आली." मग पाऊण तास तुमचं तोंड उजळलेलं. मी पानात बोट घालून बसलेली. माझ्याच पोटच्या पोरीवर मी जळायला लागले. तिला सगळं सांगतात, मनात म्हणायची, माझे अडखळलेले शब्द, माझे चुकलेले संशय, सगळं हिच्याजवळ पोचत असेल, शपथ घेतली तरी. एका शनिवारी मी तुमचा फोन मुद्दाम चार्जिंगला लावला नाही. रविवारी साडेबाराला पूर्वानं घाबरून दुकानात फोन केला. तुम्ही म्हणालात, "विसरले असेन बाई." विसरणार कशा? चार्जिंग मीच लावायची.

मग त्या सकाळी तुम्ही गच्चीच्या दाराशी उन्हात बसला होतात. मी म्हणलं, उपमा आणते, खाऊन घ्या, मग एकोणिसावं प्रकरण. तुम्ही म्हणालात, "मिरची कमी." मी उपमा घेऊन आले तर तुमची मान एका बाजूला कलली होती. मी दोन वेळा हाक मारली. ताट खाली ठेवलं. मिरची खरंच कमी घातली होती, अक्का.

पूर्वा आली, माती झाली, दिवस झाले. काल तुमच्या पोरांनी ट्रंकेचं विचारलं. "पुस्तकं कुणाला हवी तर घ्या, नाहीतर रद्दीत देऊ." पूर्वा लगेच म्हणाली, "सगळी मी नेते. मोठ्या आईची पुस्तकं माझीच आहेत." पोरं बरं म्हणाली आणि हैदराबादला निघून गेली.

दुपारी आम्ही दोघी माडीवर आलो. ती खोक्यात पुस्तकं भरायला लागली. एकेक हातात घेऊन हुंगत होती, डोळे पुसत होती. मी दारात उभी. तुमच्या उशाशी ठेवलेलं पुस्तक तिनं उचललं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ते न्हाय."

"का?"

"ते राहू दे. आणि घराण्याची सगळी राहू देत."

"आई," ती शांतपणानं म्हणाली, लहान पोराला समजवावं तशी, "तू काय करणारेस इंग्रजी पुस्तकं? ठेवायची म्हणून ठेवू नकोस. वाळवी लागेल."

"वाचणार."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली. वाईट नव्हे, दमलेलं हसू. आणि मला एकदम लख्ख कळलं. तिला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं, दर रविवारी पाऊण तास, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नव्हतात. मी तुमच्या फोनची बॅटरी मारली, आणि तुम्ही तोंडातनं अवाक्षर काढलं नव्हतं.

मी तिच्या हातातनं पुस्तक घेतलं. खाली बसले. एकोणिसावं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक परिच्छेद, दुसरा. मधेच मराठी सांगितली, तुम्ही सांगायचात तशी. वर बघितलं तर पूर्वा हातात रिकामं खोकं धरून उभी.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मला म्हणायची, वाचन सुटलं. म्हणायची, दुपार खायला उठते." तिचा आवाज चिरकला. "मला का नाही सांगितलं तिनं?"

तो चेहरा मी ओळखला, अक्का. तो माझाच होता, पंचवीस वर्षं मी तोच घेऊन फिरत होते. जवळ घ्यावं पोरीला, हे आईला सुचायला हवं. मला आधी बरं वाटलं. तुम्हालाच सांगते, पोटभर बरं वाटलं. मग ती खोक्यावर बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली, तेव्हा कुठं मी सरकून तिच्याजवळ गेले. "मीच शपथ घातली होती त्यांना," म्हणलं. "तू घातली होतीस तशीच."

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. "वाच पुढं."

मी वाचायला लागले. त्या पुस्तकात एक म्हातारा आहे, पूर्वी लष्करात असलेला, बागेत कायम काही तरी पुरत असतो. त्याचं नाव आलं तसं मी वाचलं, "कोलोनेल."

"काय?"

"कोलोनेल. नाव हाय त्याचं."

तिनं वाकून पान बघितलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "आई, ते नाव नाही! कर्नल आहे ते. लिहितात तसं, म्हणतात कर्नल!"

मी पानाकडं बघत राहिले. कर्नल मला ठाऊक आहे, पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी तर आजवर दहा पुस्तकांत दहा कोलोनेल वाचले होते. एकदा मी तुम्हाला म्हणलंही होतं, "अक्का, इंग्रजांत हे नाव लई असतंय का, आपल्यात शिवानंद असतात तसं?" आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणाला होतात, "व्हय, लई असतेत त्यांच्यात कोलोनेल."

मी हे पूर्वाला सांगितलं. म्हणलं, "त्याही कोलोनेलच म्हणायच्या. जायच्या आदल्याच आठवड्यात म्हणाल्या, त्या कोलोनेलवर माझा काही विश्वास न्हाय."

पूर्वाचं हसणं थांबलं. "मोठी आई?" ती म्हणाली. "माझा एक उच्चार चुकू द्यायची नाही ती. 'आयलंड'मधला एस म्हणले म्हणून पाच-पाच वेळा म्हणून घेतलं होतं माझ्याकडून. मी रडले तरी सोडलं नव्हतं."

तिला तुम्ही बाहेर पडायला शिकवत होतात. माझ्याजवळ तुम्ही नुसत्या बसला होतात.

"वाच," पूर्वा म्हणाली.

मी ओळीवर बोट ठेवलं. दोनच ओळी खाली तो पुन्हा होता, हातात कुदळ घेऊन. मी तिथं पोचले आणि थांबले. पूर्वा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कोलोनेल," मी वाचलं, अक्का. तिनं दुरुस्त केलं नाही.